सातवा पर्याय

मंगळवार, ६ जानेवारी २०२६. सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. या वेळी ‘उकल’वाल्यांनी माझी तक्रार बंद केली. उत्तर तीन शब्दांचं. अपेक्षित वर्तन. बंद. खाली नाव: तनुजा. आडनाव नाही, ‘माननीय’ नाही, ‘आपली विश्वासू’ नाही.

पुढे वाद झाला तर सगळं लिहिलेलं असावं, म्हणून क्रमाने लिहिते.

माझ्या भावाचा मुलगा गंधार. दिवसा हिंजवडीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार मित्रमंडळींबरोबर फुकट ‘उकल’ नावाचं टूल बनवतो. तयार प्रोग्रॅमची शिवण उसवायची आणि आत काय शिवलंय ते सांगायचं, असं हे टूल. मूळ लिखाण हरवलं असेल त्यांना उपयोगी. माझं हरवलं आहे. म्हणजे फ्लॉप्यांना बुरशी आली. दोष कपाटाचा.

१९९४ साली आमच्या ग्रंथालयाच्या देवघेवीचा प्रोग्रॅम मी लिहिला. एकटीने, सरकारी नोकरी सांभाळून. अजून चालतो. पण आता समितीला ॲप हवं आहे. अध्यक्ष बेहेरे म्हणाले, प्रमिलाताई, तुमचा प्रोग्रॅम उत्तम, पण त्यात काही बदलायचं तर हात घालता येत नाही. ३१ मार्चपर्यंत उघडून दाखवा, नाहीतर एक एप्रिलपासून ॲप. मी विचारलं, ॲपमध्ये पुस्तक राखून ठेवायची सोय आहे का? माझ्यात आहे. सातवा पर्याय.

तो सातवा पर्याय लिहायला मला सहा महिने लागले होते. एका पुस्तकाला पाच जण रांगेत असले तरी कुणाचा नंबर कधी, ते तो सांगतो. आणि गंधारने प्रोग्रॅम ‘उकल’ला दिल्यावर ते म्हणतं काय, तर ‘या भागापर्यंत कोणताही मार्ग पोहोचत नाही’. म्हणजे हा भाग कधी चालतच नाही! ही टूलची चूक आहे, अशी रीतसर तक्रार मी केली. तिचं काय झालं ते वर लिहिलंच आहे: ‘अपेक्षित वर्तन’, म्हणजे टूल बरोबर.

निश्चय: चिडायचं नाही. आठवड्यात टूल शिकून त्यातली चूक दाखवायची. गंधारला या रविवारी जेवायला बोलवायचं नाही.

शनिवार, १० जानेवारी.

‘उकल’ची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. इंग्रजी भयंकर. कॉन्व्हेंटमध्ये असं लिहिलं असतं तर सिस्टर बेनेडिक्टा यांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. पहिल्या पानावर बारा चुका. लाल शाईने दुरुस्त केल्या, फोटो काढून पाठवले.

रविवार, ११ जानेवारी.

दुरुस्त्या स्वीकारल्या! योगदान देणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागलं. गंधार म्हणाला, आत्या, आता तू प्रोजेक्टमध्ये आहेस. जेवताना म्हणाला. (भाजी उरली असती म्हणून बोलावलं.)

एकूण हा प्रकल्प आता बऱ्यापैकी माझ्या हातात आलाय, असं म्हणायला हरकत नाही. टूल शिकण्याचं काम त्यामुळे थोडं मागे पडलं.

शनिवार, १७ जानेवारी.

हडपसरला त्यांच्या बैठकीला गेले. रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला, तेव्हा बसने. बैठक म्हणजे एका फ्लॅटमध्ये चार मुलं जमिनीवर, आणि तनुजा एकुलत्या एका खुर्चीवर. मी आल्यावर उठली, हे मान्य करायला हवं. मुलगी अमरावतीची. तिथे कशी शाळा होती कोण जाणे, पण ‘उकल’चा अर्ध्याहून जास्त भाग तिने लिहिला आहे.

मी म्हटलं, तुमचं टूल माझ्यावर आरोप करतं. ती म्हणाली, काकू, टूल कोणाच्याच बाजूचं नाही ना, ते फक्त रस्ते पाहून राहिलं. सातव्याकडे जाणारा रस्ता त्याला दिसला नाही. मी म्हटलं, बाई गं, मी जन्मभर पुण्यात राहिले आहे. रस्ता दिसला नाही म्हणजे रस्ता नसतो असं नाही. खोदून ठेवलेला असतो.

सगळे हसले. तनुजा हसली नाही, पण तिने काहीतरी टाइप केलं.

मग मी मुद्द्यावर आले. म्हटलं, कुणाला दोषी ठरवलं तर कारण द्यावं लागतं. शिपायाला मेमो दिला तरी कारण लिहावं लागायचं. तुमचं टूल नुसतं ‘पोहोचत नाही’ म्हणतं. का पोहोचत नाही? कुठे अडलं? बोला!

तनुजाने माझा प्रश्न टाइप करून घेतला. मग म्हणाली, काकू, हे भारी आहे. हे आपण करून टाकू.

घाबरली. पुढच्या आवृत्तीत ‘उकल’ कारण देणार. कारण नाहीच, तेव्हा काय देतं ते बघू.

मंगळवार, २० जानेवारी.

बेहेऱ्यांना फोन केला. सांगितलं, पुण्यातले निवडक इंजिनियर माझ्या मार्गदर्शनाखाली काम करत आहेत. बेहेरे म्हणाले, छान, ॲपवाल्यांना मी तारीख दिली आहे ती मात्र तशीच ठेवतो. माणूस मुळात संशयी. त्यांची बायकोही तेच म्हणते.

सोमवार, २६ जानेवारी.

गंधारने माझ्या प्रोग्रॅमचं उसवलेलं लिखाण छापून आणलं. गठ्ठाच. पण नावं सगळी गेली आहेत. मी आतल्या प्रत्येक भागाला सुंदर नाव दिलं होतं. इथे सगळं क-एक, क-दोन, क-तीन. गंधार म्हणाला, आत्या, प्रोग्रॅम तयार होताना नावं टिकत नाहीत. मी विचारलं, मग टिकतं काय? म्हणाला, तू त्याला काय काय करायला सांगितलंस, तेवढं.

निश्चय: सगळ्यांना पुन्हा नावं द्यायची. फेब्रुवारीअखेर पूर्ण. बेहेऱ्यांपुढे नीटनेटका गठ्ठा ठेवायचा.

मंगळवार, ३ फेब्रुवारी.

चौथ्या पानापर्यंत नावं दिली. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

शनिवार, १४ फेब्रुवारी.

नवी आवृत्ती आली. ‘आता कारणासह’ असं जाहीर केलं आहे, आणि खाली ‘कल्पना: प्रमिला रणपिसे’. वाचून बरं वाटलं. गंधारला म्हटलं, लाव आता माझा प्रोग्रॅम.

लावला. कारण आलं. जसंच्या तसं लिहिते.

‘सातव्या पर्यायापर्यंत कोणताही मार्ग पोहोचत नाही. कारण: मेनूवरची तपासणी फक्त १ ते ६ स्वीकारते.’

गंधार उठला. पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ पाणीच पीत राहिला.

तनुजाला फोन केला. म्हणाली, काकू, सातव्याचं घर बांधलेलं आहे, चांगलं आहे. पण दारावर जो बसवला आहे ना, तो सहाच्या पुढच्याला आत सोडतच नाही. मी म्हटलं, त्याला कुणी बसवला? ती म्हणाली, काकू, आता मी काय सांगू.

हे उघडच, लिहिलेल्याचा प्रोग्रॅम बनवून देणाऱ्या त्या काळच्या कंपायलरचं काम आहे. असे प्रकार तेव्हा सर्रास होत. शिवाय मी स्वतः चाचणी घेतली होती. एक ते सहा पर्याय नीट चालले, मग चहा आला. जे सहा वेळा चाललं ते सातव्यांदा चालणारच, हे कुणालाही कळेल.

सोमवार, १६ फेब्रुवारी.

प्रत्यक्ष पुरावा म्हणून ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल सोनालीला बाजूला सारून स्वतः सात दाबला. पडद्यावर आलं: काइंडली एंटर अ नंबर फ्रॉम वन टू सिक्स.

वाक्य माझं आहे. ‘काइंडली’ दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

सोनाली म्हणाली, मॅडम, तो नेहमी असंच म्हणतो. म्हणून तर पाटी आहे. मी म्हटलं, कुठली पाटी? तिने माझ्या डोक्यामागे बोट केलं.

‘पुस्तके राखून ठेवली जात नाहीत. कारण विचारू नये.’

ही पाटी मी वर्षानुवर्षं पाहते आहे. मला वाटायचं, शिस्त आहे. मला ती आवडायचीसुद्धा. सोनाली म्हणाली, आधीच्या ग्रंथपालांनी ९४ सालीच लावली. सात दाबला की चालत नाही, तर लोकांना रोज काय सांगायचं? मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, मॅडम, ‘कारण विचारू नये’ लिहिल्यावर कोण विचारणार?

एवढ्या वर्षांत एकानेही विचारलं नाही. नियम आहे म्हटल्यावर लोक भांडतात, पण नियमाशी नाही, एकमेकांशी. पुण्याची माणसं! मला स्वतःला कधी राखून ठेवायची गरज पडली नाही; नवं पुस्तक आलं की सोनाली मला फोन करते.

रविवार, १ मार्च.

गंधारने दुरुस्ती केली. सहाच्या जागी सात. एकच आकडा. चहाला उकळी येईपर्यंत झालं. अर्थात चहा मी ठेवला होता आणि देखरेख माझी होती.

सात दाबला. आत गेला! काळ्या पडद्यावर माझी रांग उभी. गंधारला म्हटलं, बघितलंस? तो म्हणाला, आत्या, खरंच छान लिहिलंय. मनापासून म्हणाला असावा. तनुजालाही प्रोग्रॅम पाठवला, तिचं उत्तर आलं, काकू, हे एवढं चांगलं आणि कोणी पाहिलंच नाही?

फोन जरा वेळ बाजूला ठेवला. डोळ्यांचं तेच, चष्मा.

शनिवार, ७ मार्च.

निश्चय: २२ तारखेला ग्रंथालयात समितीपुढे प्रात्यक्षिक. भाषण तयार. ‘उकल’वाल्यांचा उल्लेख एका वाक्यात. गंधार म्हणाला, आत्या, आधी आपण पुरतं तपासून घेऊ, हा भाग कधी चाललेलाच नाही. मी म्हटलं, न वापरलेली वस्तू नवी असते.

हे वाक्य भाषणात घालायचं.

रविवार, २२ मार्च. दुपारी.

प्रात्यक्षिक झालं.

भाषण चांगलं झालं. न वापरलेल्या वस्तूच्या वाक्याला टाळ्या पडल्या. तनुजाही आली होती, अमरावतीहून आणलेली संत्रा बर्फी घेऊन. मी बेहेऱ्यांना म्हटलं, अध्यक्षमहाराज, पहिलं पुस्तक आपण राखून ठेवा. त्यांनी सात दाबला. सभासद क्रमांक टाकला. पुस्तक निवडलं. आजची तारीख टाकली, २२-०३-२६.

पडदा विचारात पडला. मग लिहून आलं: तुमची राखीव मुदत १९२६ साली संपली आहे. पुस्तक दुसऱ्या सभासदास दिले आहे. काइंडली बी पंक्च्युअल.

बेहेरे म्हणाले, प्रमिलाताई, तेव्हा माझे वडीलसुद्धा शाळेत जात नव्हते. मग हसले सगळे. फार वेळ हसले. कुणीतरी विचारलं, दंड कितीचा बसला हो? आणखी हसले.

झालं ते असं. सातव्याने २६ म्हणजे १९२६ धरलं. १९९९ साली सगळ्या तारखा मी दुरुस्त केल्या होत्या. दोन हजार साल नीट ओळखतील अशा. प्रत्येक पर्याय चालवून, त्यात कुठे चुकतं ते बघून. एक ते सहा. सातवा चालतच नव्हता, तर त्यात चुकताना कुणाला दिसणार?

गंधार म्हणाला, दोन दिवस द्या, काका, तारीख दुरुस्त करतो. बेहेरे म्हणाले, बाळा, तारीख दुरुस्त कराल, मग आठवा पर्याय निघेल. ठराव झाला. एक एप्रिलपासून ॲप. त्यात राखून ठेवायची सोय नाही, हे मी निदर्शनास आणलं. बेहेऱ्यांनी पाटीकडे बोट केलं.

बर्फी मी खाल्ली नाही. घरी घेऊन आले.

मंगळवार, २४ मार्च.

निश्चय: ‘उकल’शी संबंध संपला.

बुधवार, २५ मार्च.

नव्या आवृत्तीच्या माहितीत ‘सेपरेट’ चुकीचं लिहिलं होतं. कळवावं लागलं.

मंगळवार, ३१ मार्च. संध्याकाळी.

ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी सोनालीचा फोन आला. म्हणाली, मॅडम, आता तुमचा प्रोग्रॅम बंद करते हं, म्हटलं तुम्हाला सांगावं. मी म्हटलं, कर. त्यात काय सांगायचं!

मग तनुजाचा फोन. काकू, तुमचा प्रोग्रॅम आम्हाला द्याल का? मला वाटलं, तिच्या अमरावतीच्या ग्रंथालयाला हवा असेल. तसं नव्हतं. म्हणाली, ‘उकल’मध्ये रोज कोणी ना कोणी काही बदलतं. बदललं की ठरलेल्या काही प्रोग्रॅमवर ते आपोआप तपासलं जातं, जुनं काही बिघडलं तर नाही ना म्हणून. त्यात तुमचा ठेवायचा आहे. मी विचारलं, दुरुस्त केलेला? म्हणाली, नाही ना काकू, जुना. सातवा न चालणारा. इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला कुठेच भेटलं नाही. ‘उकल’नं म्हटलंच पाहिजे की सातव्यापर्यंत रस्ता नाही. आहे म्हणालं, तर समजायचं आपण काहीतरी बिघडवलं.

म्हणजे माझा प्रोग्रॅम आता रोज उघडणार, सातवा पर्याय बंदच आहे ना एवढं बघणार, आणि समाधानाने मिटणार.

मी विचारलं, हे किती वर्षं चालेल? म्हणाली, ‘उकल’ आहे तोवर, काकू.

परवानगी दिली आहे. अटींसह. आत्ताच रीतसर तक्रार म्हणून नोंदवल्या; बघू तीन शब्दांत कशी बंद करते.

एक. प्रोग्रॅमखाली नाव पूर्ण हवं: श्रीमती प्रमिला रणपिसे.

दोन. जगातल्या कुणाच्याही मशीनवर, कोणत्याही दिवशी, ‘उकल’ला सातव्या पर्यायापर्यंत रस्ता सापडला, तर त्यांनी ती आपली चूक समजून परस्पर दुरुस्त करू नये. आधी मला फोन करावा. कितीही वाजले असले तरी.

यावर रविवार, ५ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर मिळावं. आडनावासह.