दवाखान्यात आई गप्प बसायची

बाबा, आज डेंटल कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या पोरांना अतिसंवेदनशीलता शिकवली. तोंडाची राखण कशी होते इथपर्यंत ती निमूट ऐकतात. लाळ काय करते, हिरडीच्या कडेला पांढऱ्या पेशी कशा जमतात, सगळं वहीत उतरवतात. शरीर औषधावरच उलटतं म्हटलं की मात्र त्यांना गंमत वाटते. मी सांगते, पहिल्यांदा शरीर त्या औषधाशी नुसती ओळख करून घेतं आणि प्रतिपिंडं तयार ठेवतं. नंतर कधी अंगावर गांध्या उठून भागतं, तर कधी घसा सुजून श्वास कोंडतो. म्हणून सुई हातात घ्यायच्या आधी पेशंटला विचारा. हे वाक्य म्हणताना दरवर्षी मला तुमचा राग येतो. आजही आला.

नाचणीच्या लावणीत आईच्या पायात काटा मोडला, पाय चिघळला, पाच दिवस सुया घ्याव्या लागल्या. शेवटच्या सुईनंतर संध्याकाळी तिच्या पाठीपोटावर ह्या मोठ्या गांध्या. तुम्ही चुलीपाशी उभं राहून म्हणालात, "उष्णता आहे. सब्जाचं पाणी दे तिला." तुम्ही गुरुजी! साखरशेत गावात तुमचा शब्द कोण खाली पडू देणार? मी सब्जा भिजवला. सकाळपर्यंत गांध्या बसल्या आणि तुमचंच खरं ठरलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिची दाढ इतकी सुजली की डोळा मिटला. आपण तिघं जव्हारला निघालो. एसटीतून उतरता उतरताच तुमची ताकीद, "आत घरची बोली काढायची नाही. काय ते मी बोलेन." मास्तरची बायको आणि धड मराठी येत नाही, ही तुमची लाज. शेतावर अखंड बडबडणारी बाई दवाखान्यात तोंडाला पदर लावून बसायची. डॉक्टरांनी नीट विचारलं, "हे पू आटवायचं इंजेक्शन आधी घेतलंय? काही त्रास झाला होता?" प्रश्न मी तिला आपल्या बोलीत सांगितला. ती माझ्या कानाशी म्हणाली, मागल्या सुईनं अंगभर गांध्या उठलेल्या, सांग त्यांना. तुम्ही डोळे वटारलेत. "काही नाही हो डॉक्टर, अडाणी आहे, सुईला घाबरते." अडाणी! कुठली रानभाजी कोणाला बाधते हे सगळ्या पाड्याचं जिला तोंडपाठ होतं, ती अडाणी.

सुई देऊन बाहेर बाकावर बसवलं तर ती तळवे खाजवायला लागली, मग गळा धरला. डॉक्टर धावत आले, तिला खाली निजवलं, एकामागून एक औषधं टोचली. ती माझ्याकडे बघतेय, ओठ हलतायत, आणि कुठल्याच भाषेतला शब्द बाहेर येत नाही. तुम्ही भिंतीला टेकून उभे. दुपारी आपण तिला चादरीत गुंडाळून, तोंड झाकून जीपमधून घरी आणलं.

आज आपल्या भागातल्या, पोशेरा गावच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, पेशंटला मराठी येत नसेल तर?" मी पटकन बोलून गेले, "सोबत आलेल्याला विचारायचं." तिनं ते लिहूनही घेतलं. पुढचा तास मी कसा रेटला मलाच माहीत नाही.

तुमच्या शेवटच्या आजारात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तिला बोलू द्यायला पाहिजे होतं गं." मी पेजेचा चमचा तुमच्या तोंडाशी नेत राहिले. तुम्ही रडत होतात आणि मला बरं वाटत होतं. रडा, म्हटलं मनात.

पण बाबा, तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. सुई द्यायच्या आधी तुम्ही तिचं नाव लिहून द्यायला बाहेर गेलात, तेव्हा डॉक्टर थांबले होते. त्यांना शंका आली असावी. मला म्हणाले, "काय गं, आई मघाशी काय म्हणाली?" खोलीत तुम्ही नव्हतात. माझ्यावर डोळे वटारायला कोणी नव्हतं. मी आठवीत होते, माझी मराठी स्वच्छ होती, आणि शेजारच्या खुर्चीवर जव्हारची एक मुलगी आमच्याकडे बघत हसत होती. मी म्हणाले, "काही नाही, घाबरते ती."

तुम्ही जिवंत असताना हे लिहिलं असतं तरी तुमच्या हातात दिलं नसतं. मी तुम्हाला भिऊन खोटं बोलले नाही, बाबा. मलाही तिची लाज वाटली होती.