एका डोळ्यावरचा हात

चिमणीच्या आईला,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, काळजी करू नकोस.

अर्धशिशी मात्र पाठ सोडत नाही. आधी डोळ्यांसमोर चमचमती वाकडीतिकडी रेघ येते, मग अर्ध्या डोक्यात घण पडायला लागतात. खोलीतल्यांचं कुजबुजणंही सोसत नाही.

गाड्या रंगवताना थिनरचा वास येतो, त्यानेच होत असेल म्हणून मी पत्रा घासायचं काम मागून घेतलं. तरी दुखलं. चहा सोडला, तरी दुखलं. पुन्हा धरला, तरी तेच. जीव नकोसा झालाय गं. मुकादम म्हणतो, "काम वाढलं की बरं तुझं डोकं दुखतं!" त्याला काय सांगू, कपाळ?

डॉक्टर म्हणाले, एकच कारण शोधत बसू नका. उपाशी राहणं, जागरण, उग्र वास, झगझगीत उजेड, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की डोकं उठतं. मग म्हणाले, हे पुष्कळदा आईबापांकडून मुलांत येतं, घरी आणखी कुणाला आहे का? मी नाही म्हणून आलो.

खोलीवर येऊन फोटो पुन्हा पाहिला. चिमणीने उन्हात एक डोळा हाताने दाबून धरलाय. तू लिहिलंस, "नखरे बघा तुमच्या लेकीचे, सगळे हसलो." लहानपणी मीही अस्साच डोळा दाबायचो.

शाळेतून आल्यावर ती अंधारात जाऊन पडते का? ओकते का? खरं काय ते लगेच कळव. आणि तोवर तिला हसू नका गं. हात जोडतो.

चिमणीचे बाबा