पूर्णेतला हळदीचा धागा

मास्तर,

आज दुपारी आईला वारा घालताना तुम्ही फार आठवलात. आठवडा होत आला, तिचा ताप उतरत नाही. सध्याच्या दंग्याधोप्यात वाटा बंद आहेत, वसमतला जाऊन औषध आणायची सोय नाही. कपाळावर ओली घडी ठेवून मी पंखा हलवत होतो, अगदी एकसारखा, आवाज न करता. ती डोळे न उघडताच म्हणाली, "पंखा हाय का पाळणा रे? मला निजवून राहिला का?"

तेव्हा पूर्णेच्या काठचा तो दिवस आठवला. तुम्ही पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे आहात. माझी लिहायची लाकडी तख्ती मी पाण्याखाली सपाट धरली आहे, तिची पातळ कड वाहत्या पाण्याकडे करून. त्या कडेशी तुम्ही हळदीची ओली पुरचुंडी हलकेच दाबता. पिवळा धागा निघतो, तख्तीला चिकटून सरळ जातो, मी आखलेल्या रेघेसारखा. जरा पुढे तो डुलू लागतो, आणि मग एकदम विस्कटून सगळं पाणी पिवळं होतं. मी घाबरतो. "मास्तर, माझा हात हलला."

"न्हाई हलला. बराबर धरलंस. परत बघ."

परत तेच झालं. मग तुम्ही स्वतः तख्ती धरलीत, तरी धागा तिथंच कुठंतरी विस्कटला.

"काहून तुटतो?"

"ते मला बी पुरतं ठाऊक न्हाई," तुम्ही हसलात. "पण सरळ वाहतं तवा थर थरात मिसळत न्हाई, खालची ऊब खालीच राहते. तुटलं की खालचं वर, वरचं खाली. ऊब निघून जाते ती तिथं. तापल्या अंगाला हवा बी अशीच चिकटून बसते."

घरी पिवळी तख्ती पाहून आई म्हणाली होती, "तख्तीचं लगीन लावून आलास व्हय?"

पुढे तुम्ही गाव सोडून गेलात, माझी शाळाही सुटली. आज ते सगळं आठवून, अंगाला चिकटलेली हवा तुटावी म्हणून मी पंखा झटके देत हलवला. खाटेजवळच्या उदबत्तीचा सरळ धूर बुडापासूनच विस्कटला. आईच्या गळ्यावरचा घाम सुकला, अंग जरा निवलं. "आता बरं वाटून राहिलं," म्हणाली आणि झोपली.

संध्याकाळी अंग पुन्हा तापलं. तेव्हापासून मनात एकच चाललं आहे. घडी बदलायला उशीर झाला का? हात दुखला म्हणून मी मध्ये थांबलो, ते नडलं का?

तुमचा ठावठिकाणा ठाऊक नाही, हे पत्र कुठं टाकायचं? घडी करून त्या तख्तीखाली ठेवीन. तिच्या कडेला अजून पिवळा डाग आहे. मास्तर, धाग्याचं मला काही विचारायचं नव्हतं. उद्या आई उठली नाही, तरी माझा हात हलला नव्हता, एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.