कुरव आणि काळी छत्री

रविवार, नोव्हेंबर. काचीगुडा.

अजून डोकं शांत होत नाही. सकाळी हिमायतसागरला पाऊस असा, की भर दिवसा दिवेलागणीचा अंधार. हे गाडीत बसून चहा पीत होते आणि मी काठावर भिजत होते. नेहमीच्या कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या, थव्यात एक वेगळाच दिसला. लांब चोच, उतरतं कपाळ. बारीक चोचीचा कुरव! ज्याच्यासाठी गुजरातच्या किनाऱ्यावर जाऊन आले, तो आपल्या तलावावर! कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागे खट्‌कन आवाज झाला. यांनी गाडीतून उतरून माझ्यामागे छत्री उघडली होती, ती बटणाची मोठी काळी. सगळा थवा उडाला. फोटोत नुसतं पाणी.

आमच्या पक्षीवाल्या ग्रुपचा नियमच आहे, दुर्मिळ पक्ष्याच्या नोंदीला फोटो हवा, नाहीतर दुसरा साक्षीदार. मी लिहिलं, तर जो तो एकच विचारतोय, "फोटो?"

हे म्हणतात, "हौ, लिही की मी पण पाहिला. उसमें क्या है?"

म्हणजे खोटी साक्ष! जन्मभर वकिली केलेला माणूस हे बोलतो?

छत्री दारामागे अजून ठिबकतेय. मोडून टाकावी का?

जेवताना राहवेना. विचारलं, "खरं सांगा, तिथे तुम्हाला काय दिसलं?"

"तू भिजत होतीस. मी तेवढंच पाहिलं."

झालं. कुरव तर गेलाच, आता भांडणही गेलं.