मोंब्रुएरचा चारशे बारावा माणूस

मी, पद्मजा यशोधन सबनीस, वय बासष्ट, राहणार कापेल आन डेन आयसेल, हॉलंड, डोकं शाबूत असताना आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवते. कायद्याचं मृत्युपत्र नोटरीकडे डचमध्ये झालं आहे. मनातला जळफळाट त्यात घालायला नोटरीबाईंनी नम्रपणे नकार दिला, म्हणून हे सोबतचं मराठी. दोन्ही एकत्र वाचावीत.

१. राहतं घर आणि माझ्या नावावरची बचत आमची मुलगी सलोनी हिला. घर विकावं की ठेवावं, तिचं तिने ठरवावं.

२. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींचा पितळी सोऱ्या आणि दोन्ही कढया शेजारच्या शर्मिला गुप्ते यांना. चकलीच्या भाजणीचं प्रमाण मी त्यांना वीस वर्षं चुकीचं सांगत आले. खरं प्रमाण सोऱ्याच्या डब्यात आहे.

३. दिवाणखान्यातला भिंतीवरचा नकाशा माझे पती यशोधन यांना. इथे खुलासा आवश्यक आहे.

यशोधन हयात आहेत, तब्येत ठणठणीत. जन्मभर नकाशांच्या सॉफ्टवेअरचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर एका गावाच्या प्रेमात पडले. बाई असती तर झिंज्या धरून जाब विचारला असता. गावाचं काय धरायचं?

मोंब्रुएर बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या डोंगराळ भागात आहे. क्षेत्रफळ अडतीस चौरस किलोमीटर, त्यातलं दोन तृतीयांश जंगल. पाच वाड्या, सगळ्यात वरच्या वाडीत नऊ माणसं. लोकसंख्या चारशे अकरा. हे मला पाठ आहे, कारण आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नसायचा. "तिथे चढ आहे गं," ते म्हणायचे, "आपल्या भोरसारखा. हॉलंडमध्ये चढायचं म्हणजे जिनाच." माझा वाढदिवस विसरणाऱ्या माणसाला प्रत्येक वाडीची शिरगणती तोंडपाठ होती.

आधी शनिवार-रविवार जायचे, मग महिना महिना. सगळ्यात वरच्या वाडीत, ओढ्यासमोर खोली घेतली. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत फोन आला.

"पद्मजा, चारशे बारा झाले!"

"कोण जन्मलं?"

"मी! नाव नोंदवलं इथे."

पंधरा दिवसांत इथल्या खेमेंटेचं, म्हणजे नगरपालिकेचं पत्र आलं, की या पत्त्यावर आता एकच व्यक्ती नोंदलेली आहे. सलोनीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आई, इट्स जस्ट पेपरवर्क." म्हटलं, बाळ, आमचं लग्नही शेवटी पेपरवर्कच होतं.

नाव नोंदवलं की तिथला पोलीस घरी येऊन बघतो, माणूस खरंच राहतो का. त्याने विचारलं, सोबत कोणी? यशोधन म्हणाले, "सध्या नाही." हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं. त्या 'सध्या'वर मी तीन वर्षं काढली आहेत. एकदा बॅगही भरली होती. पण "ये" असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि न बोलावता जाणाऱ्यातली मी नव्हे.

दर चौरस किलोमीटरला अकरा माणसं, आणि त्यातलं एक माझं. मला त्या ओढ्याचा राग येतो. वरच्या वाडीतल्या त्या नऊ जणांचा तर फारच येतो, कारण त्यांना रोज सकाळी यशोधन दिसतात.

तर नकाशा त्यांना. त्यावरची मोंब्रुएरची लाल टाचणी मी काढून घेतली आहे. ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे आणि डबा सलोनीचा आहे. मागितली तरी देऊ नये.

४. माझं दहन इथे करावं. राख मात्र मोंब्रुएरच्या दफनभूमीत पुरावी. परवानगी सलोनीने तिथल्या सरपंचांकडून काढावी. दफनभूमी चढावर आहे आणि पाव आणायला यशोधनना तिच्यावरूनच जावं लागतं, हे मी त्यांच्याच नकाशावर बघून ठेवलं आहे. मेलेल्यांना गावाच्या लोकसंख्येत धरत नाहीत, ठाऊक आहे मला. यशोधननी धरावं. रोज जाता-येता, मोठ्याने.

५. मी हयात असेपर्यंत कलम तीन आणि चार एका शब्दाने रद्द होऊ शकतात. तो शब्द वर आलेला आहे. यशोधननी फोनवर म्हटला तरी चालेल. बॅग अजून माळ्यावर टाकलेली नाही.

सही : पद्मजा सबनीस

साक्षीदार :
१. शर्मिला गुप्ते, शेजारी (भाजणीचं प्रमाण आत्ताच मागितलं, दिलेलं नाही)
२. अभिजित राजवाडे, कापेल

दिनांक : १४ सप्टेंबर २०२५
स्थळ : कापेल आन डेन आयसेल
या पत्त्यावरची लोकसंख्या : सध्या एक