ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
सु.ने पाटावर माझी ठासणीची बंदूक, जावईबापूंचा लॅपटॉप आणि मिक्सर शेजारी शेजारी मांडले. शस्त्रं म्हणे. कुंकू पाण्यात कालवलेलं. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते, नेमका तिच्यावर जाड ठिपका थापला. पुसायला गेलो तर म्हणाली, "अहो, राहू द्या. पूजेचं आहे." राहू दिलं.

आमचा जावई अमेय गाडीने पाच तासांवरच्या शॉमबर्गहून आलाय. घरून काम करतो, म्हणजे सध्या माझ्या घरून. बंदुकीवर बसवायची दुर्बीण आणलीय माझ्यासाठी. "बाबा, एकदम गेम चेंजर आहे." मग व्हिडिओ दाखवले. प्रत्येकात एक दाढीवाला, तोंडाचा पट्टा चालू, हरीण कुठेच नाही. लेकीच्या घरचं घेत नाही म्हणून परत केली. सु.ने कपाटात ठेवून घेतली.

५ ऑक्टोबर, रविवार
अमेय गेला. दुर्बीण राहिली.
मुळात ठासणीची बंदूक कशासाठी? एकच बार. दारू घाला, गोळी घाला, गजाने ठासा. चुकलात तर दुसरा बार भरेपर्यंत हरीण थांबत नाही. म्हणून जवळ जायचं, वाट बघायची, उघड्या डोळ्यांनी माशी खाचेत धरायची. त्यावर दुर्बीण लावणं म्हणजे निर्जळी एकादशीला बटाटेवडा. या दुर्बीणवाल्यांना रायफलीची सोय हवी आणि वर जुन्या पद्धतीने शिकार केल्याची मिरवणूकही हवी.

१९ ऑक्टोबर, रविवार
नेमबाजीच्या रेंजवर. माशीकडे पाहिलं की निशाणाचा कागद धूसर, कागदाकडे पाहिलं की माशी गायब. चष्मा खाली, वर, पुन्हा खाली. पण कुंकू वाळून घट्ट बसलंय, तो लाल ठिपका तरी कळतो. त्याच्यासकट नेम लावून घेतला. शेवटच्या गोळ्या ठीक. ठीकच.
शेजारी दोन पोरगेलेसे, दुर्बिणी लावून, टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यावर बंदुका. बंदुकीखाली उशी ठेवणारे शिकारी! एकाने विचारलं, मदत हवी का. नको म्हटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
मंडळाची उशिराची दिवाळी, शाळेच्या हॉलमध्ये. एक काकू म्हणाल्या, शी, तुम्ही हरणं मारता? ताटात चिकन. ती कोंबडी बहुतेक आपण होऊन आली असावी. आमच्या या नोव्हाय गावातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांचं प्राणिप्रेम दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटापाशी थांबतं.
डोळ्यांचे डॉक्टर समोर बसले होते. मी चटणीऐवजी रायत्यात चमचा घातला, ते बघत होते. म्हणाले, मोतीबिंदू असेल, एकदा येऊन जा. त्यांना गिऱ्हाईक हवंय. शिकारीचा सीझन झाल्यावर बघू.

६ डिसेंबर, शनिवार
ओळखीचा शेतकरी डेल, त्याच्या शेतामागचं रान. पहाटेपासून ओला बर्फ. अमेय बरोबर. नारिंगी जॅकेट नवंकोरं, लेबल काढायचं राहिलेलं. पहिला बार मला दिला.
ओढ्यापाशी मादी आली. आडवी उभी राहिली, अगदी जवळ. बार टाकला. धूर. धूर विरेपर्यंत ती पाठ कमानीसारखी करून पळाली. रक्तात हिरवट चोथा. पोटात लागली.
थांबलो, मग मागावर गेलो. दलदलीपाशी माग संपला, वरून बर्फ पडतोय. अमेय गुडघ्यांवर बसून पानं उलटून बघत होता, अंधार पडेपर्यंत. सापडली नाही.
गाडीपाशी आल्यावर त्याने बंदूक हातात घेतली. "बाबा, कुंकू धुऊन गेलंय. तुम्ही त्याच्यासकट नेम लावला होता ना? त्यानेच गेला."
असेल, म्हणालो.

७ डिसेंबर, रविवार
अमेयने आमच्या लेकीला, मुग्धाला, फोनवर सगळं सांगितलं, कुंकवासकट. सु. तिथेच उभी. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "माझ्यामुळे हाल झाले का हो तिचे?"
छे, तुझ्यामुळे कसे, एवढंच म्हणालो. पुढचं सांगायला हवं होतं. पुढचं...

९ डिसेंबर, मंगळवार
लिहून टाकतो. माशीवरचा थर गेला तर गोळी वर जाईल. तीही बोटभर. जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये काढला, एवढं गणित झोपेतही येतं. ही गोळी वर गेली नाही. मागे गेली, चांगली वीतभर. कुंकवाचा काही संबंध नाही. मला माशी दिसलीच नव्हती. समोर तपकिरी काहीतरी होतं, त्यावर बार टाकला.
अमेयला हे कळत नाही? इंजिनिअर आहे तो. कळलंय त्याला. मला वाट करून दिली त्याने, सासरा म्हणून. व्हिडिओवाल्या पोराने माझ्यावर दया करावी! आणि मी ती मुकाट्याने घेतली. लेकीच्या घरचं घेत नाही म्हणे.
नाचता येईना, आणि अंगण वाकडं केल्याचा ठपका सु.वर. दुर्बीणवाल्यांना इतकी वर्षं हसलो. त्यांच्यातल्या एकानेही हे केलं नसेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार
रविवारी सीझन संपतो. अमेयचा फोन, उद्या येतोय. दुर्बीण बसवू या का, विचारत होता. अगदी हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलतात तसं. कळवतो म्हणालो. न जाणं हाही एक मार्ग आहे. तो त्याने सुचवला नाही, मीही नाही.
दुर्बीण कपाटातून काढली. डोळ्याला लावून खिडकीतून बघितलं. पलीकडच्या मेपलची एकेक फांदी दिसली. ठेवून दिली.
दुपारी बंदूक साफ करत होतो. सु. स्वयंपाकघरातून बहिणीशी फोनवर बोलत होती. यापुढे दसऱ्याला शस्त्रांना हात लावणार नाही, म्हणाली. "माझा हातच वाईट गं." कान शाबूत आहेत माझे, प्रत्येक शब्द ऐकू आला.
उठून दारापर्यंत गेलो. फोन ठेवून तिने वर पाहिलं. "चहा हवाय?"
हो म्हणालो.