वेदनेचा आकडा दोनवरून एकदम नऊवर गेल्याचा खुलासा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कर्करोग रुग्णालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : रुग्णास ‘खरोखर दुखते किंवा कसे’ हे पाहण्यासाठी त्याचे मॉर्फिन एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश मागे घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे खुलासा मागणारे पत्र, जे अर्जदारास काल मिळाले.

महोदय,

१. अर्जदार ही सदर रुग्णाची सून असून लोकांना मोटार चालवायला शिकवण्याचा व्यवसाय करते. रुग्ण, म्हणजे अर्जदाराचे सासरे, हे आयुष्यभर फुटबॉलच्या सामन्यांत पंच होते. रुग्ण कसा माणूस आहे हे कळल्याशिवाय पुढचा खुलासा होणे शक्य नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पायाला धक्का लागला न लागला तोच गवतावर लोळण घेणारे, डोळे मिटून विव्हळणारे आणि शिट्टी आपल्या बाजूने वाजताच हरणासारखे पळणारे खेळाडू त्यांनी ढिगाने पाहिले. अशांच्या उशाशी उभे राहून ते शांतपणे म्हणत, “उठा राजे, नाटक संपलं.” खेळाडू त्यांना पाठीमागे दगडोबा म्हणत. हे त्यांना ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते. घरातही कुणी “दुखतंय” म्हटले की त्यांची भुवई आधी वर जाई. स्वतःच्या दुखण्याला तर त्यांनी कधी दारातही उभे केले नाही.

२. रुग्णाचा प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यांत आणि खुब्यात पसरला आहे. आजार आता बरा होणार नाही, पण वेदना काबूत ठेवता येतील, असे आपल्या वेदनाशमन कक्षाच्या डॉक्टर बाईंनी आम्हांला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितले. साध्या गोळ्यांनी भागेना, तेव्हा मॉर्फिनचा विषय निघाला. त्यासाठी नोंद लागते, नोंदीसाठी आकडा लागतो. खिडकीवरील लिपिकाने विचारले, “शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. किती दुखतंय, आजोबा?” रुग्णाने ताठ बसून उत्तर दिले, “दोन.” पुढच्या भेटीत दोन. त्याच्या पुढच्या भेटीतही दोनच. दोन या आकड्याला मॉर्फिन देता येत नाही, असे आम्हांस सांगण्यात आले.

३. ‘दोन’ सांगणारे हे रुग्ण घरी कसे होते, ते नमूद करणे अर्जदारास भाग आहे. त्यांनी पलंग सोडला होता, कारण पाठ टेकली की कळ मस्तकात जाई. खुर्चीत बसून, समोरच्या टेबलावर उशी ठेवून, तिच्यावर कपाळ टेकून ते पहाट होण्याची वाट पाहत. अर्जदार धुवायला टॉवेल घेई तेव्हा त्याच्या कडेवर दातांच्या खुणा असत. रुग्णालयात आणताना अर्जदार मुद्दाम लांबचा रस्ता घेई, कारण त्या रस्त्यावर गतिरोधक कमी आहेत. तरी एखादा येईच. चाक वर चढताना रुग्ण खिडकीवरचा दांडा असा धरीत की बोटे पांढरी पडत, आणि चाक खाली उतरले की म्हणत, “क्लच जरा हळू सोड, सूनबाई.” क्लचचा काही दोष नव्हता, महोदय. अर्जदाराचा तो पोटापाण्याचा धंदा आहे.

४. न राहवून अर्जदाराने लिपिकास सांगितले, “अहो, दोन नाही, आठ तरी असेल.” त्यावर लिपिकाने मान वर न करता शेरा मारला : ‘नातेवाईक औषधासाठी आग्रही.’ हा शेरा तेव्हापासून रुग्णाच्या कागदाला जळूसारखा चिकटला आहे.

५. घरातही सर्व काही एकमताने चालले होते असे नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करते. अर्जदाराच्या पतीचा मॉर्फिनला विरोध होता. “ते सुरू झालं म्हणजे बाबा संपले,” असे ते म्हणत. “आणि व्यसन लागलं तर?” डॉक्टर बाईंनी त्यांना समजावले, की वेदनेसाठी बेताने आणि वेळेवर दिलेले औषध म्हणजे नशा नव्हे, आजार वाढला की मात्रा वाढवावी लागते, त्याचा अर्थ माणूस व्यसनी झाला असा नाही. पतींनी मान डोलावली, पण पटले नव्हते. जिन्यात ते अर्जदारास म्हणाले, “तुला लवकर सुटायचंय का यातून?” त्यानंतर दोन दिवस घरात भांड्यांशिवाय कुणी बोलले नाही.

६. आता मूळ मुद्दा, म्हणजे दोनाचे नऊ कसे झाले. चौथ्या भेटीच्या दिवशी अर्जदाराने आपल्या आवारात गाडी उभी केली, पण दार उघडले नाही. तिने विचारले, “बाबा, मैदानावर खरं लागलेला खेळाडू तुम्ही कसा ओळखायचात?” रुग्ण खुलले. पंचगिरीचा विषय निघाला की ते खुलतातच. म्हणाले, “सोपं आहे. ओरडतोय त्याच्याकडे नंतर गेलं तरी चालतं. खरा मार लागलेला ओरडत नाही. तो गप्प पडतो. सगळं सोडून आधी त्याच्याकडे धावायचं.” एवढे बोलून ते थांबले. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आले असावे. काचेबाहेर पाहत रुग्ण म्हणाले, “दहा म्हणणार नाही हं मी. दहा म्हणणारे सगळे लबाड असतात.” मग खालच्या आवाजात म्हणाले, “नऊ.” आणि अर्जदाराने त्यांना लग्नापासून आजवर प्रथमच रडताना पाहिले.

खिडकीवर त्यांनी स्वतःच्या तोंडाने नऊ सांगितले. लिपिकाने मागचा कागद पाहिला, शेरा पाहिला आणि अर्जदाराकडे पाहिले. “पढवून आणलंत वाटतं,” असे तो म्हणाला. आकडा क्रमाक्रमाने, म्हणजे चार, मग सहा, असा वाढला असता तर हरकत नव्हती, एकदम नऊ म्हणजे चौकशी, असेही त्याने सांगितले. कागद रीतसर दिसावा म्हणून रुग्णाने मधल्या काळात चार आणि सहा इतकेही दुखवून घ्यायला हवे होते काय, हे अर्जदारास समजलेले नाही. डॉक्टर बाईंनी मात्र रुग्णास तपासले, चौकशी होईल तेव्हा होईल असे म्हटले आणि आपल्या सहीने गोळ्या सुरू केल्या. दर चार तासांनी एक, मध्येच कळ आली तर जादा एक, आणि पोट साफ राहण्यासाठी वेगळे औषध.

७. पहिले दोन दिवस रुग्ण पेंगत होते, थोडी मळमळही झाली. पती खुर्ची ओढून त्यांच्या छातीकडे पाहत बसले होते, श्वास चालू आहे ना म्हणून. तिसऱ्या दिवशी रुग्णाने डोळे उघडले आणि म्हणाले, “असा काय बघतोयस? मी मेलो तर सांगेन तुला.” त्या दिवशी त्यांनी दाढी करून मागितली, पोटभर जेवले आणि टीव्हीवर चाललेल्या सामन्यातील पंचाला आंधळा ठरवले. पती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभे राहिले. अर्जदारास म्हणाले, “मी उगाच अडवून धरलं गं त्यांना.” तेव्हापासून गोळ्या तेच देतात, आणि दुसऱ्या कुणाला डबीला हात लावू देत नाहीत.

८. नेमके याच आठवड्यात आपले पाहणी अधिकारी चौकशीसाठी घरी आले. रुग्णाने त्यांचे स्वागत केले, बसायला खुर्ची दाखवली, आणि त्यांच्या सुटलेल्या पोटाकडे पाहून “कुठल्या जागेवर खेळायचात? गोलातच असणार, जागा भरून निघते,” असा विनोदही केला. पाहणी अधिकारी हसले, चहा प्याले आणि अहवालात लिहिले : ‘रुग्ण हसतमुख. वेदना दिसून आली नाही. सबब मॉर्फिनची आवश्यकता वाटत नाही.’ महोदय, छत्रीखाली कोरडा उभा असलेला माणूस पाहून पाऊस नाही असे लिहिण्यासारखे हे झाले. त्यावर आपल्या पत्रातील आदेश असा की, औषध एक दिवस पूर्ण बंद ठेवून रुग्णास फेरतपासणीस हजर करावे, म्हणजे वेदनेची खातरजमा होईल.

९. हे पत्र अर्जदाराने काल घरात मोठ्याने वाचले. रुग्ण म्हणाले, “नियम आहे तर ठेवा बंद. एक दिवसाचा तर प्रश्न. काढीन कसा तरी.” अर्जदार काही म्हणण्याआधी पती उठले. ते मुळात मवाळ, वडिलांपुढे आवाज न चढवणारे. म्हणाले, “नाही. दाखवण्यासाठी माझ्या बापाला कुणी दुखवायचं नाही. नियमानंसुद्धा नाही.” रुग्णाने मुलाकडे पाहिले आणि पहिल्यांदाच निकालावर वाद घातला नाही.

१०. तरी खुलासा असा की, आकडा वाढलेला नाही. तो पहिल्या दिवसापासून नऊच होता, सांगितला उशिरा. सबब नम्र विनंती की, औषध बंद ठेवण्याचा आदेश रद्द व्हावा, ‘आग्रही’ हा शेरा पुसला जावा (आग्रही असल्यास अर्जदाराची हरकत नाही, पण त्याची शिक्षा रुग्णास नको), आणि डॉक्टर बाईंच्या चिठ्ठीप्रमाणे पुढील गोळ्या उद्या सायंकाळपूर्वी मिळाव्यात. घरातील गोळ्या तेवढ्याच वेळेपुरत्या आहेत. औषध अचानक तुटले तर वेदनेबरोबर इतरही त्रास उसळतो, असे डॉक्टर बाईंनी लेखी दिले आहे. आदेश रद्द झाला नाही तरी आम्ही रुग्णास औषध बंद करून आणणार नाही, हे आदरपूर्वक पण स्पष्ट कळवते.

११. खातरजमा करावयाचीच असेल तर आपण स्वतः दुपारी घरी यावे. दुपारच्या गोळीनंतर रुग्ण पलंगावर पाठ टेकून आडवे होतात. आपण याल तेव्हा त्यांचा डोळा लागलेला असल्यास बाहेरच्या खोलीत बसावे, चहा मिळेल. मात्र त्यांना उठवता येणार नाही.

उद्या सायंकाळपर्यंत उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
अर्जदार, रुग्णाची सून

(सही)
रुग्णाचा मुलगा. वरील मजकूर वाचला, मान्य आहे.

दिनांक : पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी.

सोबत : वेदनाशमन कक्षाच्या डॉक्टरांची चिठ्ठी व लेखी अभिप्राय, आपल्या पत्राची प्रत.